टोपीच्या पट्टीतलं औषध

डायनामाइटच्या कारखान्यात नव्यानं कामाला लागलेल्या माणसाचा पहिला दिवस सहसा डोकं धरूनच संपायचा. चेहरा लालबुंद, कानशिलं ठणकताहेत, छातीत धडधड आणि घरी पोचेपर्यंत डोकं फुटतंय की काय असं वाटायचं. तीन-चार दिवस असे गेले की त्रास आपोआप ओसरे आणि माणूस कामाला सरावे. पण रविवारची सुट्टी आडवी आली की सोमवारी पुन्हा पहिला पाढा. यावर तोडगा काढला तो कामगारांनीच. घरी जाताना नायट्रोग्लिसरिनचा किंचित अंश टोपीच्या आतल्या पट्टीला लावायचा. टोपी डोक्यावर आणि पट्टी कपाळाला टेकलेली. सुट्टीतही शरीराची सवय मोडत नसे आणि सोमवार बरा जाई.

या कामगारांच्या डोकेदुखीची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये १८९८ साली लॉज यांनी आणि १९१४ साली एब्राइट यांनी नायट्रोग्लिसरिन बनवणाऱ्यांच्या तक्रारींवर लेख लिहिले. कारखान्यात वाफही असे, त्यामुळे थोडं विष श्वासातूनही जाई. पण हात आणि कपाळ ही त्याची मुख्य वाट होती, हे टोपीच्या उपायानंच सिद्ध केलं होतं. पुढं शंभर वर्षांनी औषध कंपन्यांनी कोट्यवधी डॉलर ओतून जी चिकटपट्टी बाजारात आणली, तिचं हे पहिलं रूप. ते कुणा प्रयोगशाळेत तयार झालं नाही आणि त्याचं पेटंटही कुणी घेतलं नाही.

नायट्रोग्लिसरिन पहिल्यांदा बनवलं ते तुरिनच्या अस्कानियो सोब्रेरो यांनी, १८४७ साली. जिभेवर जरासा थेंब ठेवला तरी डोकं भयंकर दुखतं हे त्यांच्याही लक्षात आलं होतं. आल्फ्रेड नोबेल यांनी ते मातीत मुरवून १८६७ मध्ये डायनामाइटचं पेटंट घेतलं. १८७९ मध्ये लंडनच्या विल्यम मरेल यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की हृदयशूळावर याच पदार्थाचे अगदी पातळ थेंब गुणकारी ठरतात. मरेल यांनी ते आधी स्वतःवर करून पाहिले होते. बाटलीचं ओलं बूच जिभेला लावलं आणि काही क्षणांतच डोक्यात नाडी घण घातल्यासारखी उडू लागली. आज आपल्याकडं छातीत कळ आली की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतात, ती गोळी याच कुळातली. जिभेखाली अशासाठी, की हे औषध गिळलं तर पोटातून आधी यकृतात जातं आणि तिथं बरंचसं मोडून जातं. १८९६ मध्ये खुद्द नोबेल यांना हृदयविकारासाठी डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरिन लिहून दिलं. औषधवाले आणि गिऱ्हाइकं घाबरू नयेत म्हणून त्याला ट्रायनायट्रिन असं सोज्वळ नाव देतात, असं त्यांनी मित्राला गमतीनं कळवलं. त्याच वर्षी डिसेंबरात ते गेले.

गंमत अशी, की कारखान्यात हे घडत असताना विद्यापीठांमध्ये मात्र कातडीतून काहीही आत जात नाही, असं ठामपणे शिकवलं जात होतं. १८७७ मध्ये फ्लायशर या जर्मन संशोधकानं मानवी त्वचा पूर्णपणे अभेद्य असल्याचा निर्वाळा दिला. तो काही अडाणी माणूस नव्हता. त्या काळचे प्रयोग बहुतेक पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे असत. हात बुडवायचा आणि मग लघवीत तो क्षार उतरतो का ते पाहायचं. उतरत नसे. प्रयोग प्रामाणिक होता, पण पदार्थ चुकीचे निवडले होते. १९०४ मध्ये श्वेंकेनबेखर यांनी दाखवलं की चरबीत विरघळणारे पदार्थ कातडीतून सहज जातात, क्षार मात्र जवळजवळ अडून राहतात. नायट्रोग्लिसरिन पहिल्या जातीचं आहे. फिनॉल, निकोटिन आणि कितीतरी कीटकनाशकंही त्याच जातीची.

तसं पाहिलं तर अभेद्यतेचा हा सिद्धांत टिकला कसा याचंच नवल वाटतं. युरोपात सोळाव्या शतकापासून उपदंशावर पाऱ्याचं मलम चोळत असत. रोग्याला तापवलेल्या खोलीत बसवायचं, हातापायांना मलम रगडायचं आणि तोंडाला लाळेच्या धारा लागेपर्यंत रोज हेच करायचं. हिरड्या सुजत, दात हलत आणि पुष्कळदा पडतही. पारा आत गेल्याचा याहून मोठा पुरावा काय हवा होता? पण तो पुरावा हाडामासाच्या रोग्यांचा होता, तराजूतल्या मापाचा नव्हता. आपल्याकडं तो रोग पोर्तुगिजांच्या मागोमाग आला आणि भावमिश्रानं 'भावप्रकाशा'त त्याला फिरंग असंच नाव दिलं. उपचारात पारा तिथंही आहेच.

सुश्रुतसंहितेत लेपाबद्दल एक सूचना आहे. लेप केसांच्या दिशेनं लावू नये, उलट दिशेनं लावावा, म्हणजे औषध रोमकूपांत शिरतं. वाळलेला लेप अंगावर ठेवू नये असंही तिथं सांगितलं आहे. अभ्यंगातलं आणि लेपातलं द्रव्य त्वचेतलं भ्राजक पित्त पचवतं, अशी त्यामागची उपपत्ती. हे वाचून 'आमच्याकडं सगळं आधीच होतं' असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. कुठलं औषध किती आत गेलं, हे मोजण्याचं साधन तेव्हा कुणाकडंच नव्हतं. पण लेप लावणाऱ्यानं हाताखालच्या कातडीकडं नीट पाहिलं होतं, एवढं नक्की. केसांच्या मुळाशी वाट असते, हे आजचे संशोधकही मानतात. वाळलेल्या थरातून औषध पुढं सरकत नाही, हेही पुढं खरं ठरलं.

मोजण्याच्या दिशेनं पहिली नाट्यमय उडी फ्रान्समधल्या नांत शहरी पडली, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. स्तेफान लेद्यूक यांनी दोन ससे घेतले, दोघांच्या अंगावरचे केस काढून तिथं ओले बोळे ठेवले आणि दोघांमधून एकच वीजप्रवाह सोडला. एका सशाच्या धन टोकाच्या बोळ्यात कुचल्याचं विष स्ट्रिक्नीन, दुसऱ्याच्या ऋण टोकाच्या बोळ्यात सायनाइड. प्रवाह सुरू होताच पहिल्याला आचके येऊ लागले आणि दुसरा सायनाइडच्या विषबाधेनं मेला. मग लेद्यूक यांनी नवे ससे घेऊन टोकांची अदलाबदल केली. तेच विष, तोच प्रवाह, पण दिशा उलटी. सशांना काहीही झालं नाही. विजेचा भार असलेले कण विजेच्या रेट्यानं कातडीपलीकडं ढकलता येतात, हे त्या प्रयोगानं पक्कं झालं. सशांच्या जिवावर बेतलेला हा प्रयोग आज कुठलीही समिती मंजूर करणार नाही. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात विजेवर औषध सोडण्याचं यंत्र दिसतं, त्याचा वंश मात्र इथूनच सुरू होतो.

पुढचा धडा पुन्हा विषानंच दिला. १९३३ मध्ये अमेरिकेत एक फुलवाला ज्या खुर्चीवर बसला, तिच्यावर निकोटिनचं कीटकनाशक सांडलेलं होतं. द्रवात ४० टक्के निकोटिन. पाटलोणीचा मागचा भाग ओला झाला. पंधरा मिनिटांतच त्याला मळमळू लागलं, घाम फुटला, श्वास लागला. इस्पितळात नेल्यावर तो चार दिवसांत सावरला. घरी सोडताना त्याचे कपडे त्याला परत दिले. ते तोपर्यंत कागदी पिशवीत तसेच गुंडाळून ठेवलेले होते. ते घालून तो निघाला आणि थोड्याच वेळात पुन्हा तीच लक्षणं घेऊन परत दाखल झाला. औषध कापडात मुरवून, अंगाला लावून, सावकाश आत सोडता येतं, याचं इतकं स्वच्छ प्रात्यक्षिक मुद्दाम करूनही साधलं नसतं.

कातडीला औषध आणि विष यांतला फरक कळत नाही, हे विदर्भाला वेगळं सांगायला नको. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेनं रुग्णालयात आले आणि वीसेक जण दगावले. पीक माणसाच्या उंचीला पोचलेलं, पंप पाठीवर, अंगातला सदरा फवाऱ्यानं चिंब आणि तोच सदरा संध्याकाळपर्यंत अंगावर. तोंडाला फडकं बांधलं म्हणजे सांभाळलं, असा समज होता. फुलवाल्याच्या पाटलोणीची गोष्ट ऐंशी वर्षांपूर्वी छापून आलेली होती. ती फवारणीच्या पंपासोबत शेतापर्यंत कुणी पोचवली नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर कातडीचा अभ्यास नेटानं सुरू झाला. यामागं रासायनिक युद्धाची भीतीही होती, कारण नव्या विषांना श्वासाची गरज नव्हती, हातावर पडलेला थेंब पुरत होता. बॉस्टनमधल्या अर्विन ब्लँक यांचा १९५२ चा एक साधा प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी तळपायाच्या घट्ट्यांचे वाळलेले तुकडे घेतले आणि वेगवेगळ्या तेलांत बुडवून ठेवले. कितीही दिवस ठेवा, तुकडे कडकच राहिले, वाकवले की मोडले. पाण्यात ठेवल्यावर मात्र मऊ झाले. कातडी मऊ राहते ती तेलानं नव्हे, पाण्यानं, आणि तेलाचं काम ते पाणी उडू न देण्याचं. आंघोळीनंतर ओलसर अंगाला तेल लावणाऱ्या घरांमध्ये ही गोष्ट न सांगताच पाळली जात होती.

अडवणारा थर म्हणजे कातडीचं अगदी वरचं मेलेल्या पेशींचं पापुद्र्यासारखं आवरण. बहुतेक अंगावर त्याची जाडी मिलिमीटरचा पन्नासावा भाग किंवा त्याहूनही कमी. पेशींना विटा माना आणि त्यांच्या सांध्यांत चरबीचा चुना भरलेला आहे असं समजा. १९७५ मध्ये अ‍ॅलन मायकल्स, चंद्रशेखरन आणि जेन शॉ यांनी मांडलेलं हे चित्र अजून पाठ्यपुस्तकांत आहे. विटेतून जाणं अवघड. चुन्यातून वाट काढायची तर चरबीत विरघळता यायला हवं, पण पलीकडं रक्त पाणथळ असल्यामुळं थोडं पाण्यातही विरघळायला हवं. शिवाय अंगानं लहान असायला हवं. एवढ्या अटींत बसणारी औषधं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी नाहीत, पण फार नाहीत हेही खरं.

या भिंतीला फटी कुठं आहेत, याचा नकाशा १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फेल्डमन आणि मेबाख यांनी काढला. किरणोत्सर्गी खूण केलेलं हायड्रोकॉर्टिसोन त्यांनी माणसांच्या शरीरावर वेगवेगळ्या जागी लावलं आणि पुढचे काही दिवस लघवी गोळा करून किती उतरलं ते मोजलं. कोपराखालच्या हातातून लावलेल्याच्या जेमतेम एक टक्का आत जात होतं. हा हात प्रमाण मानला, तर तळपायातून त्याच्या सातव्या हिश्श्याइतकं, कपाळातून सहापट, जबड्याच्या कोपऱ्यातून तेरापट आणि वृषणांच्या कातडीतून ४२ पट. टोपीची पट्टी कपाळालाच का लागू पडली, हे इथं आकड्यांत दिसतं.

आणि दुसरंही काही दिसतं. जांघेतल्या गजकर्णावर औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनानं घेतलेलं तीव्र स्टेरॉइडचं मलम चोळणाऱ्यांची आपल्याकडं काही कमी नाही. खाज थांबते म्हणून माणूस खूष. बुरशी आतून पसरत राहते आणि कातडी पातळ होत जाते. जिथं औषध सर्वांत जास्त मुरतं, नेमक्या तिथंच सर्वांत कडक मलम लावलं जातं. २०१८ मध्ये सरकारनं अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. कागदावर तरी.

मुरणं वाढवायचे उपाय मात्र १९६७ च्या त्या नकाशाआधीच हाती आले होते. १९६२ मध्ये मॅकेन्झी आणि स्टाउटन यांनी दाखवलं की स्टेरॉइड लावून वर प्लास्टिकचा पातळ पडदा गुंडाळला, तर आत जाणारं प्रमाण शंभरपटीपर्यंत वाढू शकतं. त्यांचं मापही सोपं होतं. रात्री हातावर थेंब लावायचे, झाकायचे आणि सकाळी कुठल्या थेंबाखालची कातडी पांढरी पडली ते बघायचं. स्टेरॉइडनं रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून पांढरा डाग. त्याच सुमारास ताकेरू हिगुची या अमेरिकी शास्त्रज्ञानं मलमांचं गणित मांडलं. आपल्या मनात असतं त्याच्या अगदी उलट निघालं ते. मलमात औषध जितकं आरामात विरघळलेलं असेल, तितकं ते तिथंच ठाण मांडून बसतं. ज्यात ते कसंबसं सामावलंय, अशा मलमातून ते कातडीकडं धाव घेतं. त्याआधी मलमाचा आधार ठरवताना तो किती गुळगुळीत लागतो आणि वास कसा येतो, यालाच बहुधा जास्त महत्त्व असे.

इथं एका आडवाटेनं सगळ्यांना झपाटलं. ओरेगन राज्यात कागदाच्या लगद्याचे मोठे कारखाने आहेत. लगदा करताना उरणाऱ्या मळीपासून डायमिथाइल सल्फॉक्साइड नावाचा द्रव बनवता येतो. हे रसायन तसं जुनं, रशियन रसायनज्ञ झायत्सेव यांनी १८६६ मध्ये बनवलेलं. पोर्टलंडचे शल्यविशारद स्टॅन्ली जेकब यांना प्रत्यारोपणासाठीचे अवयव गोठवून ठेवायला ते हवं होतं. हाताळताना कळलं की बोटाला लागलेला थेंब काही क्षणांत कातडी ओलांडतो आणि तोंडात लसणासारखी चव येते. तो एकटा आत जात नाही, विरघळलेलं औषधही सोबत नेतो. १९६३ च्या अखेरीस बातमी बाहेर फुटली आणि जणू रामबाण सापडल्याची हाकाटी झाली. सांधेदुखी, मुरगळ, भाजणं, सगळ्यावर एकच बाटली. नोव्हेंबर १९६५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं माणसांवरच्या चाचण्या थांबवल्या, कारण प्राण्यांच्या डोळ्यांतल्या भिंगात बदल दिसले होते. तरीही लोक कारखान्यात वापरायचा अशुद्ध द्रव विकत घेऊन सांध्यांना चोळत राहिले. दार सताड उघडणारं रसायन बाटलीतली घाणही आत सोडतं, हा विचार कुणाला पटत नव्हता. १९७८ मध्ये मूत्राशयाच्या एका दुखण्यापुरती त्याला मान्यता मिळाली. कातडीच्या दाराची किल्ली व्हायचं मात्र त्याच्या नशिबी नव्हतं.

त्यानंतर ज्या माणसानं खेळाची दिशाच बदलली, तो औषधनिर्मितीतलाच पण मूळचा उरुग्वेचा. अलेहांद्रो झाफारोनी यांचा जन्म १९२३ चा, मोंतेविदेओचा. अमेरिकेत रॉचेस्टरला डॉक्टरेट करताना त्यांनी स्टेरॉइडं वेगळी करण्याची पद्धत शोधली. मग मेक्सिकोत सिंटेक्स कंपनीत गेले आणि तिथं त्वचेवरच्या स्टेरॉइड मलमांनी कंपनीला पैसा मिळवून दिला. १९६८ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडून कॅलिफोर्नियात स्वतःच्या नावाच्या अक्षरांवरून आल्झा ही कंपनी काढली आणि हिगुची यांनाही सोबत घेतलं. त्यांच्या डोक्यात ग्रंथींचं उदाहरण होतं. शरीरातली ग्रंथी आपलं संप्रेरक अगदी थोडं थोडं, गरजेनुसार रक्तात सोडते. गोळी मात्र एकदम चढते आणि उतरते. चढतीला त्रास, उतरतीला गुण नाही. औषधही ग्रंथीसारखं का देऊ नये?

१९७१ मध्ये त्यांना औषधी चिकटपट्टीची पेटंटं मिळाली. यातली खरी युक्ती समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येकाची कातडी वेगळी. म्हाताऱ्याची वेगळी, तरुणाची वेगळी, आणि त्याच माणसाची पाठीवर वेगळी, कानामागं वेगळी. मग ठरलेला डोस द्यायचा कसा? झाफारोनींच्या पट्टीत औषधाच्या साठ्याखाली एक बारीक छिद्रांचा पडदा होता. हा पडदा कातडीपेक्षाही चेंगट ठेवायचा. कातडी कितीही घ्यायला तयार असली, तरी पडदा सोडेल तेवढंच तिला मिळणार. म्हणजे नियंत्रण कातडीकडून पट्टीकडं. कातडी किती सोडते याचा हिशेब हाताशी हवाच होता. त्यासाठीच मायकल्स, चंद्रशेखरन आणि शॉ यांनी मृतदेहांच्या कातडीच्या पातळ चकत्यांमधून एकेक औषध सोडून मोजमाप केलं होतं. विटा आणि चुन्याचं ते चित्र याच कामातून आलं.

पहिलं औषध निवडलं स्कोपोलामिन. महादेवाला वाहतात त्या धोतऱ्यात ते सापडतं. वाटेत प्रवाशाला धोतऱ्याचं बी चारून लुटणाऱ्या टोळ्यांच्या कथा आपल्याकडं जुन्या आहेत. बुद्धी भ्रमिष्ट, तोंड कोरडं आणि डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या. हेच औषध अगदी सूक्ष्म प्रमाणात जहाजात आणि विमानात लागणारी मळमळ थांबवतं. गोळी घेतली तर ते प्रमाण सांभाळणं कठीण, म्हणून पट्टीसाठी ते सोयीचं. अडीच चौरस सेंटिमीटरची, नखाएवढीच गोल चकती, कानामागं लावायची, कारण तिथली कातडी स्कोपोलामिनला लवकर वाट देते. चिकटवणाऱ्या थरातही थोडं औषध ठेवलेलं असे, सुरुवातीच्या काही तासांत कातडीची तहान भागवण्यापुरतं. पुढं तीन दिवस पडदा आपलं काम करी. डिसेंबर १९७९ मध्ये मान्यता मिळाली. कातडीवाटे सगळ्या शरीराला औषध पोचवणारी ही अमेरिकेत मान्य झालेली पहिली चिकटपट्टी. तिच्याबरोबर एक नवा तक्रारीचा प्रकारही आला. चकती चिकटवून तोच हात डोळ्याला लावला की एक बाहुली मोठी, एक लहान. डॉक्टरांना आधी मेंदूतल्या गाठीची शंका येई आणि मग कानामागची चकती दिसे.

आता नायट्रोग्लिसरिनकडं परत यायला हवं, कारण खरी परीक्षा तिथं झाली. १९५० च्या दशकापासून अमेरिकेत त्याचं दोन टक्क्यांचं मलम मिळत असे. औषधाची मात्रा इंचांत मोजायची. इंचांच्या खुणा केलेला कागदाचा तुकडा सोबत येई. नळीतून मलमाची रेघ त्यावर काढायची आणि तोच कागद छातीला दाबून वर प्लास्टिक लावायचं. सदरे खराब होत, रेघ जाड-बारीक होई आणि मात्राही त्याबरोबर. १९८० नंतर दोन-तीन वर्षांत तीन कंपन्यांच्या पट्ट्या बाजारात आल्या आणि हृदयरोग्यांनी त्यांचं स्वागत केलं. दिवसातून एकदाच चिकटवा आणि चोवीस तास निर्धास्त. रक्तातली पातळी सपाट रेषेसारखी. झाफारोनींच्या स्वप्नाप्रमाणं सगळं जमलं होतं.

फक्त औषध लागू पडेना. पहिल्या दिवशी रोगी जास्त चालू शकत, छातीत कळ उशिरा येई. चोवीस तास पट्टी ठेवली की दुसऱ्या दिवसापासून परिणाम ओसरे. पुढं पाचशेहून अधिक रोग्यांवर झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत, आठवड्यांमागून आठवडे सतत लावलेली पट्टी औषध नसलेल्या पट्टीपेक्षा काही सरस ठरली नाही. शरीर सरावलं होतं. हे नवीन होतं का? १९७२ मध्येच विस्कॉन्सिनमधल्या डॉक्टरांनी 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात दारूगोळा कारखान्यातल्या कामगारांबद्दल लिहिलं होतं. शनिवार-रविवार कामापासून दूर राहिल्यावर त्यांना छातीत कळा येत, आणि तपासावं तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा नाही. सवय झालेल्या शरीरातून नायट्रोग्लिसरिन अचानक काढून घेतल्याचा तो परिणाम होता. त्याआधी पाऊण शतक सोमवारची डोकेदुखी नोंदलेली. म्हणजे दोन्ही टोकं छापील स्वरूपात समोर होती. पट्टीच्या अभियंत्यांनी मात्र सपाट रेषा हीच उत्तम असं गृहीत धरलं. कामगारांच्या टोपीतली गोष्ट त्यांच्या लेखी किस्सा होती, पुरावा नव्हता.

उत्तर साधंच निघालं. सकाळी लावा, बारा-चौदा तासांनी काढा, रात्र कोरडी जाऊ द्या. शरीराला सवय मोडायला वेळ मिळतो आणि सकाळी औषध पुन्हा नव्यासारखं चालतं. आज नायट्रोग्लिसरिनच्या पट्टीच्या पाकिटात हीच सूचना असते. कारखान्यातल्या सोमवारचं वैद्यकीय रूपांतरच म्हणा ना.

निकोटिनच्या पट्टीची कथा मात्र नेमकी उलटी, कारण तिथं संशोधकांनी शेतातल्या माणसांकडंच आधी पाहिलं. ओली हिरवी तंबाखूची पानं तोडणाऱ्यांना मळमळ, चक्कर, ओकाऱ्या होतात. अमेरिकेत या दुखण्याची चर्चा होती आणि आपल्याकडं गुजरातेतल्या तंबाखूच्या शेतांवर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेनं असे अभ्यास केले. लॉस एंजलिसच्या मरे जार्विक आणि जेड रोझ यांनी विचार केला, की जे पानातून हातात शिरतं तेच मोजून दिलं तर सिगारेट सुटेल का. प्रयोगाची परवानगी मिळेना, म्हणून रोझ यांनी निकोटिन स्वतःच्या कातडीवर लावून पाहिलं. नाडीचे ठोके वाढले. १९८४ मध्ये त्यांचा पहिला लेख आला आणि १९९१ मध्ये अमेरिकेत पट्टीला मान्यता मिळाली.

१९९० मध्ये आलेली फेंटानिलची पट्टी या सगळ्यांत सर्वांत उपकारक आणि सर्वांत धोकादायक. कर्करोगाच्या वेदनेनं तळमळणाऱ्या आणि काहीही गिळता न येणाऱ्या रोग्याला तीन-तीन दिवस शांत झोप देणारी. आपल्याकडं वेदनाशामक दवाखान्यांत ती वापरतात, पण किमतीमुळं आणि अमली पदार्थांच्या कायद्यातल्या अडचणींमुळं ती फार थोड्यांपर्यंत पोचते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर कागदपत्रं थोडी सोपी झाली. या पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवली, ताप चढला, तरी शिरणारं औषध वाढतं आणि श्वास मंदावतो. तीन दिवसांनी काढलेल्या पट्टीतही औषधाचा मोठा भाग शिल्लक असतो. फेकून दिलेली पट्टी लहान मुलांच्या हाती लागून मृत्यू घडलेले आहेत. म्हणून वापरलेली पट्टी चिकट बाजूनं दुमडून टाकायची असते. झाफारोनींचा पडदा कितीही अचूक असला, तरी तिच्या पोटातला साठा आणि घरातला कचऱ्याचा डबा हे दोन्ही त्याच्या हिशेबाबाहेरचे.

आजवर अशा पट्ट्यांमध्ये बसलेली औषधं वीस-पंचवीसच्या घरात आहेत. साधारण पाचशे डाल्टनपेक्षा जड रेणू कातडीतून नीट जात नाही, असा ढोबळ नियम २००० साली बॉस आणि माइनार्डी यांनी मांडला. इन्शुलिनचा रेणू सुमारे ५,८०० डाल्टनचा. म्हणून आल्झाच्याच दोन संशोधकांनी, गर्स्टेल आणि प्लेस यांनी, १९७६ मध्ये वेगळीच कल्पना पेटंट केली होती. कातडीला विनवायचं सोडून द्यायचं आणि वरच्या थरात अतिसूक्ष्म सुयांनी भोकं पाडायची, इतकी उथळ की दुखू नये. तशा सुया बनवायचं तंत्रच तेव्हा नव्हतं. ते आलं संगणकाच्या चिप कोरणाऱ्या उद्योगातून आणि १९९८ मध्ये जॉर्जिया टेकच्या मार्क प्राउस्निट्झ यांच्या गटानं १५० मायक्रॉन लांबीच्या सुयांची चकती मानवी कातडीच्या तुकड्यावर दाबून दाखवली. पारगम्यता हजारपटीनं आणि त्याहूनही जास्त वाढली. लस आणि इन्शुलिन या दोन्हींसाठी तशा चकत्यांवर चाचण्या चालू आहेत. मधुमेही अजून पोटाची कातडी चिमटीत धरून सुईच टोचून घेतात.